पाहुण्याची शेपटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. पन्नाशी उलटली म्हणून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद बंद होत नाहीत, तेव्हा मुकाट्याने घे. तुझ्या बायकोलाही सांग, आणि पोरीला विचार, आत्या नावाचा प्राणी तिला आठवतो का.

तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. पोस्टमनने दोन ठिकाणी सही घेतली तेव्हा मला वाटलं, कोणी कोर्टात खेचलं की काय. आत तुझी चार ओळींची चिठ्ठी आणि टाइप केलेला मसुदा. चार वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात ओळी चार. तुझे लेख मात्र चाळीस पानांच्या खाली येत नाहीत.

इकडे सगळं ठीक. लिफ्ट तीन आठवडे बंद आहे आणि मी चौथ्या मजल्यावर, त्यामुळे गुडघ्यांना आपण जिवंत असल्याचं रोज कळतं. शेजारी नवा भाडेकरू आलाय, ट्रम्पेट वाजवतो. वाजवतो म्हणजे शिकतो. दुपारी तीन ते पाच एकच सूर पकडून बसतो. माणूस भला आहे, माझी भाजी वर आणून देतो.

त्यानेच तुझ्या पाकिटावरचा संग्रहालयाचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "ताई, हे काय प्रकरण?" त्याला जे सांगितलं ते तुलाही सांगते, बरोबर आहे का बघ. तू अख्खं पुस्तक खर्ची घातलंस, मी एका चहात उरकलं. म्हटलं, एक छोटासा डायनासोर आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मावेल एवढा. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो, कारण सहा महिन्यांसाठी म्हणून आमच्या संग्रहालयाच्या तळघरात आला आणि सव्वीस वर्षं मुक्काम ठोकून बसला. इतका चांगला टिकलाय की पोटात शेवटचं जेवणसुद्धा आहे, एका सरड्याचा जबडा. मानेवर आणि पाठीवर बारीक लव आहे, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. शेपटी मात्र कोरी. माझा भाऊ म्हणतो, लव फक्त मान-पाठीवर होती, म्हणजे ती थंडीसाठी नव्हती, मिरवायला होती. दुसरी बाजू म्हणते, लव अंगभर होती, ऊबेसाठीच होती, शेपटीवरची कुठेतरी गेली. भाऊ म्हणतो, गेली तर कुठे गेली ते दाखवा. ते त्यांना दाखवता येत नाही. म्हणून भाऊ जिंकत आलाय.

"एवढ्याशा शेपटीवरून एवढं भांडण?" तो म्हणाला. मी म्हटलं, तू एका सुरावर रोज दोन तास घालवतोस, तुला बोलायचा अधिकार नाही.

मसुदा वरवर पाहिला. "मी, निवृत्त जीवाश्म तंत्रज्ञ, प्रमाणित करते की नमुना माझ्या हाती आला तेव्हा शेपटीच्या भागावर कोणतेही मऊ अवशेष नव्हते." खाली तारीख, तारखेखाली रेघ, रेघेवर मी. वीस मार्चला तुमच्या संशोधकांच्या सभेत हे वाचून दाखवायचं आहे, आणि त्याने दिवेवालीचं तोंड एकदाचं बंद होईल, असं म्हणतोस. दिवेवाली म्हणजे तीच ना, जिने पाहुण्याला जांभळ्या दिव्याखाली ठेवून सांगितलं की शेपटीभोवतीचा दगड खरवडलेला दिसतो? मागच्या सभेत तू म्हणालास म्हणे, की अशा दिव्यात तरुण माणसांना हवं ते दिसतं. लोक खूप हसले म्हणे. मला तळघरातल्या जुन्या मंडळींनी फोन करून सांगितलं.

आता सहीचं. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे. न वाचता सही करायची नाही, हे तूच मला शिकवलंस. स्क्रू शोधायला आईचा शिवणाचा डबा काढला, पण त्यात बटणं, बॉबिन आणि गंजक्या सुया, बाकी काही नाही. झाकण लावून परत वर ठेवून दिला.

नवा चष्मा आला की बघते.

तुझी, मोडक्या काडीची,
ताई


२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

भिंग मिळालं. पाहुण्याच्या आधी अठरा आणि नंतर वीस, अशी अडतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेल्या बाईला भाऊ भिंग पाठवतो, याला काय म्हणावं ते तूच सांग. सोबतची चिठ्ठी या खेपेस तीनच ओळींची. एक ओळ कमी झाली म्हणजे तू चिडला आहेस. लहानपणीही चिडलास की बोलणं आखडतं घ्यायचास, आणि मग आई मला म्हणायची, जा बाई, तुझ्या राजाला काय झालं ते बघ.

चष्म्याबद्दल खरं सांगते. काडी मोडली होती, पण ती जुन्या चष्म्याची. मसुदा मी त्याच दिवशी तीन वेळा वाचला.

दिवेवाली येऊन गेली. बोलावलं नव्हतं. संग्रहालयातून पत्ता घेऊन चार मजले चढून आली, तेव्हा दारातून परत कशी पाठवणार? मला वाटलं होतं कोणी तोऱ्यातली असेल. तशी काही नाही. केस वर बांधलेले, बॅगेची चेन तुटलेली, पायातले बूट दारात काढून नीट जोडून ठेवले. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "तुमचं काम मी पाच वर्षं बघते आहे. मानेवरची लव तुम्ही जशी सोडवलीत, तशी आजही कोणाला जमत नाही." स्तुती करून काम साधायला आली असेल, असं मनात आलं. पण ती नुसतं खरं बोलत होती. मानेचं काम चांगलंच आहे ते.

मग तिने बॅगेतून फोटो बाहेर काढले. धाकट्या, तू ते फोटो नीट पाहिलेस का? जांभळ्या प्रकाशात हाडं पिवळी चमकतात आणि दगड काळा दिसतो. शेपटीच्या दोन्ही बाजूंना, बोटभर पट्ट्यात, त्या काळ्यावर बारीक फिकट ओरखडे आहेत. शेकडो. सगळे एका कलाने, डावीकडून खाली उजवीकडे. ती म्हणाली, "तुम्ही डावखुऱ्या आहात ना?" त्या वेळी मी डाव्या हाताने तिच्या कपात चहा ओतत होते, म्हणून खोटं बोलायची सोयच नव्हती.

तिने सरळ विचारलं, "हे साफ करताना काही निघालं होतं का?"

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे. आठवून सांगते."

ती बरं म्हणाली. फार ताणलं नाही तिने. जाताना एवढंच बोलली की सभेत लोक हसले त्याचं तिला काही नाही, पण हसल्यानंतर कोणी फोटो बघायलाच तयार नाही. वीस तारखेला सभेतल्या परीक्षकांनी तिचं म्हणणं फेटाळलं तर हा विषय सोडून दुसरं काहीतरी शोधावं लागेल. मग म्हणाली, तुमच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी चांगली. बावीस मार्चला रविवार आहे, त्या दिवशी पुन्हा येऊ का, असं विचारून गेली. मी हो म्हटलं.

ती गेल्यावर मी बराच वेळ तुझं पुस्तक घेऊन बसले. हो, आहे माझ्याकडे. प्रकाशनाला आले नाही म्हणून वाचलं नाही असं नाही. तू चार वर्षं माझ्याशी बोलत नाहीस ते त्या पहिल्या पानावरून, हे मला ठाऊक आहे. "ज्या हातांनी पाहुण्याला दगडातून सोडवलं, त्या माझ्या ताईच्या हातांना." छापायला जायच्या आदल्या आठवड्यात मी ते काढायला लावलं, आणि कारण दिलं की मला असलं आवडत नाही. तू म्हणालास, एवढा कसला गर्व. मी फोन ठेवला. गर्व नव्हता रे. पण काय होतं ते त्या दिवशी सांगितलं नाही आणि आजही पत्र लांबत चाललंय.

पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं. तुझं सगळ्यात गाजलेलं. लव कमरेपाशी एका सरळ रेषेत संपते, ती रेषा इतकी सरळ का, यावर एकोणतीस पानं. तू त्यात मोराची आठवण काढलीस, सिंहाची काढलीस, आयाळीच्या कडेची मापं दिलीस. सुंदर लिहितोस. शाळेतले तुझे निबंध मीच तपासून द्यायचे, तेव्हा असं काही पुढे निघेल असं वाटलं नव्हतं.

मसुद्यावर माझा चहाचा कप ठेवला गेला आणि गोल डाग पडला. सभेत असा कागद दाखवणं बरं दिसणार नाही. नवी प्रत पाठव.

इथलं बाकी सगळं ठीक. लिफ्ट सुरू झाली, आता ट्रम्पेटवाला त्यातही सराव करतो.

तुझी,
ताई


११ मार्च, बुधवार

प्रिय धाकट्या,

काल फोनवर तू ओरडलास. पहिल्यांदाच ओरडलास माझ्यावर, त्यामुळे दोघांनाही सवय नव्हती. "ताई, एक सही! एकच! मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?" आणि मग, "तू माझ्या बाजूची आहेस की तिच्या?" मी म्हटलं, लिहून कळवते. तू म्हणालास, लिहून काय कळवायचंय, आणि फोन आपटलास. म्हणून हे लिहून. तोंडी सांगितलं असतं तर तू मध्येच बोलला असतास आणि मी गप्प बसले असते, दर वेळी होतं तसं.

सही करत नाही. करणार नाही. नवी प्रत सोबत परत पाठवते आहे, कोरी.

आता काय झालं ते क्रमाने सांगते.

आमच्या तळघराचे मुख्य, ज्यांना आम्ही हेडमास्तर म्हणायचो, त्यांना तू भेटला होतास. कान ओढायचे, म्हणून ते नाव. त्यांचे तीन नियम होते. पहिला, दगड नवा असेल तर शेपटीकडून सुरुवात करायची. डोकं मौल्यवान असतं, शेपटीवर चूक झाली तर खपते. दगड किती कडक, सुई किती दाबायची, हे हाताला शेपटीवर शिकू द्यायचं आणि मग कमरेतून वर चढायचं. दुसरा, हाड नसेल तो मळ. हाड चकचकीत दिसलं पाहिजे, बाकी सगळं खरवडून काढायचं. तेव्हा सगळीकडेच असं चालायचं, तुलाही माहीत आहे. आणि तिसरा, मळसुद्धा फेकायचा नाही. टेबलावरून जे निघेल ते काचेच्या कुपीत भरायचं, वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर तीन ओळी: काय, कुठलं, सफाई कोणाची. काम पूर्ण झाल्यावर सगळ्या कुप्या जमा करायच्या.

पाहुण्याचा दगड असा आम्ही कोणीच पाहिला नव्हता. मी शेपटीच्या टोकाकडून बसले. दुसऱ्या आठवड्यात मणक्यांच्या बाजूला तपकिरी काहीतरी दिसलं. पापुद्र्यासारखं, पण पापुद्रा नाही, बारीक बारीक रेघा. हेडमास्तर आजारी होते. तू तेव्हा प्रबंधाच्या घाईत होतास, शेपटीच्या मणक्यांवर तुझं एक प्रकरण अडकलं होतं, आणि दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचास, झालं का, दिसतात का. त्या दिवशीही केलास. मी म्हटलं, मणक्यांभोवती तपकिरी काहीतरी चिकटलंय, कडा झाकल्या जातात. तू म्हणालास, "काढून टाक ना ताई, मला मणके मोजायचेत."

मी काढून टाकलं.

आता यातलं माझं माझ्याकडे ठेवते. मी तुला "तपकिरी काहीतरी" म्हटलं. ते ओळीत होतं, हे सांगितल्याचं मला आठवत नाही. फार प्रयत्न केला आठवायचा, सव्वीस वर्षं करते आहे. पण मला ते ओळीत दिसलं होतं, एवढं नक्की. सगळ्या रेघा एका बाजूला झुकलेल्या, विंचरल्यासारख्या. मळ असा विंचरून बसत नाही. अठरा वर्षं काम केलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, आणि मला वाटतं, कळलं होतं. पण तू मोजायला अधीर झाला होतास, आणि मला तुला लवकर खूश करायचं होतं. म्हणून सहा आठवडे बसून मी टोकापासून कमरेपर्यंत शेपटी लखलखीत केली. दगडाला चिकटलेलं होतं तेही सोडलं नाही. ते ओरखडे त्याचेच.

कमरेशी पोचले तो शुक्रवार होता. सोमवारी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून दहा दिवसांची रजा घेतली. कामाची कड नीट दिसावी म्हणून निघताना कमरेपाशी सुईने एक सरळ रेघ मारून गेले. तुझ्या पाचव्या प्रकरणातली ती रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती मी रजेवर जाताना आखली.

त्या दहा दिवसांत तू साफ झालेल्या शेपटीच्या मणक्यांवरचं तुझं प्रकरण वाचून दाखवलंस, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि तुला नोकरीचं विचारलं गेलं. आई डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती आणि तुझा फोन ऐकून रडायला लागली, तेव्हा मी तिला रागावले होते की डोळ्यांना पाणी चालत नाही. मी परत कामावर गेले आणि पाठीवर पहिली सुई लावली. तेच तपकिरी. तसंच विंचरलेलं, पण इथे दाट. दाट होतं म्हणून या वेळी शंका घ्यायला जागा नव्हती. मी सुई खाली ठेवली आणि दिवसभर उचलली नाही. लोकांना वाटलं मी थक्क झाले. मी शेपटीकडे बघत होते.

तुला निरोप गेला आणि तू धावत आलास. आठवतं? मला खांद्यांना धरून तू तळघरभर नाचवलंस. टेबलावरचा दिवा पडता पडता राहिला. आणि म्हणालास, "ताई, पाठीवर लव आणि शेपटी कोरी! कळतंय का तुला? शेपटी कोरी आहे!"

मी हो म्हटलं.

तेवढंच. त्यानंतर मला कधी खोटं बोलावं लागलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तुझं नेमणुकीचं पत्र आलं. मग पहिला लेख, मग दुसरा, मग तुझं लग्न, मग पोरगी. दर वर्षी ते सांगणं थोडं आणखी अवघड होत गेलं आणि न सांगणं थोडं आणखी सोपं. मानेचं काम मी इतक्या जपून केलं की लोक देशोदेशींहून बघायला आले. तुला वाटत असेल कसब. मी भरपाई करत होते.

निवृत्तीच्या दिवशी पाहुण्याच्या कुप्या जमा केल्या. एक्केचाळीस होत्या, चाळीस जमा झाल्या. एक माझ्या पिशवीतून घरी आली. चुकून आली असं मी स्वतःला दोनेक वर्षं सांगितलं. चुकून नव्हती आली. आईच्या शिवणाच्या डब्यात बॉबिनांच्या खाली होती. गेल्या महिन्यात तुला लिहिलं की डब्यात बाकी काही नाही, ते खोटं.

मागच्या रविवारी बाहेर काढली आणि घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. करंगळीच्या पेराएवढी कुपी, तळाशी तपकिरी भुगा, चहाच्या चाळलेल्या पत्तीसारखा. बहुतेक दगडाची पूड आहे. पण मध्ये मध्ये तुकडे आहेत, आणि तुकड्यांवर लव आहे. मानेवरच्यासारखीच. मी ती वर्षानुवर्षं बघितली आहे, मला ओळख पटवून द्यायला कोणी नको.

आता एक गोष्ट, जी मी सगळ्यात जास्त टाळली. तुझ्या पहिल्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "तुला आठवतच असेल, शेपटी पहिल्यापासून कोरी होती." हे वाक्य मी रोज वाचते. तो फोन तू विसरला असशील, तर हे पत्र तुला बातमी आहे, आणि असं तुझ्या अंगावर टाकल्याबद्दल मला वाईट वाटतं. विसरला नसशील, तर तू गेली सव्वीस वर्षं माझ्यासारखाच राहिलास, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही. विचारायला भीती वाटते. म्हणून विचारत नाही.

तू काल विचारलंस, कोणाच्या बाजूची. धाकट्या, तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय. पंधरा वर्षांची असताना मला खेळायला जायचं असायचं आणि आई तुला माझ्या काखेत खोचायची. मी तुझ्याच बाजूची आहे. त्या कागदावर सही केली तर तुझ्या बाजूची राहणार नाही, तुझ्या शेपटीच्या बाजूची होईन.

दिवेवाली बावीसला चहाला येते. तिने विचारलं होतं, काही निघालं होतं का, आणि मी आठवून सांगते म्हटलं होतं. मला आठवलं आहे, आणि मी तिला सांगणार आहे. पण माझ्याकडे फक्त माझा शब्द उरलाय, कारण कुपी या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवली आहे. कापसात गुंडाळून, आईच्या सुयांच्या डबीत. बेसिनमध्ये ओतायला अर्धं मिनिट लागेल. मग गुडघे गेलेल्या म्हातारीचा शब्द सभेत दोन वाक्यांत उडवून लावणं तुला अवघड नाही. तुला ते येतं, मी ऐकलंय.

तिला का दिली नाही असं विचारशील. पुस्तक तुझं आहे. दुसऱ्याने मोडलं तर ते मोडलेलं पुस्तक होईल. तू स्वतः वीस तारखेला उभा राहून मोडलंस, तर ते पुढे तुझंच काम राहील. चूक माझी आहे असं खुशाल सांग, कारण ती आहे. त्या मुलीला मात्र नावाने हाक मार सभेत, आणि आपण हसलो होतो ते चुकलं असं म्हण. बावीस तारखेला तिने विचारलं की कुपी कुठे आहे, तर मी म्हणेन, भावाकडे आहे, सुखरूप आहे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्या वेळीही तुझी इच्छा असली, तर पहिल्या पानावरची ती ओळ मला चालेल.

एक काम राहिलं होतं. चाळीस कुप्यांच्या चिठ्ठ्यांवर तिन्ही ओळी भरलेल्या होत्या. या एकीवर पहिल्या ओळीत मी तेव्हा "मळ" लिहिलं होतं आणि तिसरी ओळ मोकळी सोडली होती. काल दुपारी नवी चिठ्ठी लिहून चिकटवली. अक्षर वाकडं आलंय, भिंग घेऊन वाच. पत्राचा शेवट वेगळा काय करू, तीच इथे उतरवते:

काय: लव.
कुठलं: पाहुण्याची शेपटी, टोकापासून कमरेपर्यंत.
सफाई कोणाची: तुझ्या ताईची.